उजवीकडची गल्ली

जेवण झाल्यावर पाच मिनिटं पाठ टेकावी म्हणून शलाका गद्रे मीटिंग रूममधल्या सोफ्यावर आडवी झाली आहे, आणि आपल्याला झोप लागणं शक्यच नाही अशी तिची पक्की खात्री आहे. डोळे मिटलेले, पण कान जागे. एसी घुरघुरतो आहे. काचेपलीकडे गिरिजा कुणाला तरी डब्यातलं भरलं वांगं घेण्याचा आग्रह करते आहे. बाहेर बावधनच्या हायवेवरून ट्रक जातात तसं सोफ्याखाली जरासं थरथरतं. चार वाजता नंदितावहिनी यायच्या आहेत. त्याआधी उठून तोंड धुवायला हवं, केस सारखे करायला हवेत. दुसऱ्याकडून चेक घेताना माणूस निदान बरा तरी दिसावा.

चेक घ्यायचा, हे ठरलेलं आहे.

नंदितावहिनी म्हणजे उदयन बागलची बायको. उदयन हा शलाकाचा भागीदार. दोघांनी मिळून गेम बनवायची ही कंपनी काढली, आणि मार्च महिन्यात, दोन दिवस ऑफिसातच मुक्काम ठोकून घरी निघालेला असताना, रिक्षात त्याचं हृदय बंद पडलं. बेचाळिशीचा माणूस. त्याच्या विम्याचे पैसे आत्ता कुठे हातात आले, आणि वहिनींनी काल आपणहून फोन केला. "ताई, हे पैसे मला त्यांच्या गेममध्येच लावायचेत." शलाका "अहो, असं कसं, नको" म्हणाली. एकदाच म्हणाली. दुसऱ्यांदा नको म्हणायचं तिच्या जिवावर आलं.

आता गेम म्हटलं की लोकांना फोनवर फळं फोडायचा खेळ आठवतो. शलाकाच्या सासूबाई तर अजूनही "सून गेम खेळते ऑफिसात" असंच चारचौघांत सांगतात. हा तसला गेम नव्हे. 'माणिकबंदर' म्हणजे दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचं कोकणातलं एक अख्खं बंदर, त्यातल्या गल्ल्या, गलबतं, वखारी, माणसं, आणि त्यात पडद्यावरून हिंडणारे तुम्ही. असं बंदर उभारायला चाळीस माणसं पाच वर्षं राबतात. पाच वर्षं चूल पेटती ठेवायची आणि पहिला घास पाचव्या वर्षी, तोही पाहुण्यांना चव आवडली तर. एका परदेशी कंपनीने हप्त्याहप्त्याने पैसे द्यायचं कबूल केलं होतं. मे महिन्यात तिने अंग काढून घेतलं. काढून घेतल्याचं पत्र इतकं गोड होतं की पहिल्यांदा वाचताना शलाकाला त्या शुभेच्छाच वाटल्या. मग तिने कोथरूडचा स्वतःचा फ्लॅट गहाण टाकला. तेही संपलं. पुढच्या महिन्याच्या पगाराला आता उदयनच्या विम्याशिवाय काही उरलेलं नाही. त्या पैशांत तीन महिने निघतील. तीन महिन्यांत गेम पुरा होणार नाही, हेही तिला ठाऊक आहे. पण त्याचा विचार ती उठल्यावर करणार आहे.

आणि गेम पुरा का होत नाही, तेही सांगायला हवं. सुरुवातीला पैसेवाल्यांना नमुना दाखवतात. दहा मिनिटांचा खेळ, पण लखलखीत. नमुन्यात तेवढी एकच वाट खरी असते, बाकी सगळे देखावे. धक्क्यावर उतरायचं, गल्लीने वर यायचं, तेलाच्या घाण्यापाशी डावीकडे वळायचं. उजवीकडे जायचं नाही, कारण उजवीकडे काही बनवलेलंच नाही. म्हणून खेळ चालवायचा कंट्रोलर कायम उदयनच्या हातात असायचा, पाहुण्यांच्या हाती कधी दिला नाही. इथवर सगळेच गेमवाले असं करतात, त्याला कुणी लबाडी म्हणत नाही. चूक झाली ती पुढे. टाळ्या पडल्या, उदयनला चेव चढला, आणि तो भर सभेत म्हणाला, "या बंदरातलं प्रत्येक दार उघडेल!" शेजारी उभ्या असलेल्या शलाकाने मान डोलावली. ते वाक्य करारात गेलं, जाहिरातीत गेलं, आणि तेव्हापासून चाळीस माणसं दारंच बनवत आहेत. एक दार उघडलं की आत घर लागतं, घरात माणसं लागतात, माणसांना भांडीकुंडी लागतात.

कोपऱ्यातली खुर्ची सरकते.

तिचं एक चाक घासतं, तो आवाज शलाका कुठेही ओळखेल.

"झोपलीस का गं, मालकीणबाई?"

"नाही रे. पडलेय जरा."

उत्तर देऊन झाल्यावर तिला आठवतं की उदयन मेलेला आहे.

ती डोळे उघडते. किंवा उघडले असं तिला वाटतं. उदयन खुर्चीत बसला आहे, तोच मातकट रंगाचा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. दाढी वाढलेली. चेहरा आनंदी आहे, आणि हेच तिला पहिल्यांदा खटकतं. इतक्या दिवसांनी भेटलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जरा तरी काही वेगळं दिसायला हवं. हा तर चहा घेऊन आत्ताच जागेवर आल्यासारखा बसला आहे.

"बरं झालं आलास," ती म्हणते.

"गेलो कुठे होतो? काम पडलंय केवढं." तो हसतो. "चल, तुला दाखवतो. घाण्याच्या पलीकडचं बरंच झालंय."

घाण्याच्या पलीकडचं कुणीच करत नाही आहे. गेले दोन महिने त्या भागाला कुणी हात लावलेला नाही, तिनेच थांबवलं आहे.

ती उठते, कारण तो उठला आहे. मीटिंग रूमचं दार ढकललं की बाहेर पार्किंग आहे आणि पार्किंगमध्ये एक रिक्षा उभी आहे. तिच्या हुडवर निळ्या रंगाचं ठिगळ. ती रिक्षा शलाकाने पोलीस चौकीबाहेर पाहिली होती, मार्चमध्ये. ती आत बसते. नको बसायला असं सगळं अंग सांगत असताना ती बसते. उदयन तिच्या शेजारी बसत नाही. तो समोर बसतो, चालकाच्या जागी, पण हँडलकडे पाठ करून, तोंड तिच्याकडे. रिक्षा चालू होते. चालवायला कुणी नाही. मीटर मात्र चालू आहे आणि त्यावरचे आकडे थांबायचं नाव घेत नाहीत.

"हे कोण भरणार?" शलाका विचारते.

"होईल गं काहीतरी. एकदा गेम बाहेर पडू दे."

हे वाक्य तिने हजारदा ऐकलं आहे. हजारदा स्वतःही म्हटलं आहे. आज पहिल्यांदाच तिला ते ऐकून थंडी वाजते.

"उदयन, वहिनी यायच्या आहेत चारला."

"माहितीय. मीच पाठवतोय."

चांदणी चौकाच्या पुलाखाली ओलसर खारा वास येतो. सुकत घातलेल्या बोंबलांचा, डांबराचा. रिक्षा थांबते तेव्हा समोर धक्का आहे. माणिकबंदरचा धक्का, जसाच्या तसा, गलबतांच्या डोलकाठ्या, दोरखंडांची वेटोळी, मावळतीचा तो पिवळा उजेड, जो गिरिजाने आठ वेळा बदलून घेतला होता. पाण्याचा आवाज येतो, पण लाट ठरावीक ठिकाणी येऊन परत तशीच येते. शलाकाला वाटतं, किती सुंदर झालंय. एक क्षणभर भीती वगैरे सगळं विसरून तिला नुसता अभिमान वाटतो. आपण केलंय हे.

"चल," उदयन म्हणतो, आणि गल्ली चढू लागतो. उलट्या पावलांनी. तोंड तिच्याकडे ठेवून.

"सरळ चाल ना रे. पडशील."

"नाही पडत. सवय झालीय."

गल्लीत माणसं आहेत. एक बाई उंबऱ्यासमोर झाडते आहे, झाडून झालं की पुन्हा पहिल्यापासून झाडते. एक माणूस पोतं उचलून चार पावलं जातो, ठेवतो, परत येतो, उचलतो. मागे हिंडणारी माणसं, शोभेची. ती अशीच असतात, त्यात काही नवल नाही. पण झाडणारी बाई मान वर करते आणि ती गिरिजा आहे. पोतेवाला म्हणजे त्यांचा ध्वनीवाला, समीरण. टोपल्या विणणारी दोघं गेल्याच महिन्यात रुजू झाली आहेत. शलाका भराभर चेहरे बघत जाते. सगळं ऑफिस गल्लीत आहे.

"गिरिजा," ती हाक मारते.

गिरिजा हसते. "ताई, वांगं घ्या ना थोडं." आणि पुन्हा झाडू लागते.

शलाका तिच्या बाजूने पुढे जाते आणि मागे वळून बघते. गिरिजाला पाठ नाही. समोरून साडी आहे, हात आहेत, झाडू आहे. मागून काही नाही. मागून तिच्यातून थेट पलीकडची भिंत दिसते. समीरणलाही पाठ नाही. कुणालाच नाही.

"अरे, हे काय आहे?"

"खर्च वाचवलाय," उदयन समजावून सांगतो, अगदी नव्या पोरांना सांगायचा तसा, न चिडता. "वाटेवरून चालणाऱ्याला यांच्या पाठी दिसतच नाहीत. मग कशाला करायच्या? तूच म्हणाली होतीस."

तिने म्हटलं होतं. अगदी याच शब्दांत.

मग हा उलटा का चालतो, ते तिला कळतं. कळल्यावर तिला तिथून पळून जायचं असतं, पण गल्ली एकाच बाजूला जाते. मागे नुसता पिवळा उजेड आहे.

घाणा येतो. बैल गोल फिरतो आहे. डावीकडे नेहमीची वाट, दिव्यांनी उजळलेली, तिच्या टोकाला देऊळ. शलाकाचे पाय आपसूक डावीकडे वळतात.

"तिकडे नको," उदयन म्हणतो. "ते पाहिलंय सगळ्यांनी. इकडे."

तो उजवीकडे वळतो.

"तिकडे काही नाहीये, उदयन."

"आता आहे."

ती जाते. उजवीकडची गल्ली लांबच लांब आहे, दोन्ही बाजूंना दारंच दारं. रंग कुणालाच नाही. रंग चढवायच्या आधी गेमवाले भिंतींवर काळेपांढरे चौकोन पसरून ठेवतात, माप चुकलं तर चटकन दिसावं म्हणून. तसेच चौकोन सगळीकडे आहेत. दारांवर, भिंतींवर, जमिनीवर, वर आभाळ असायला हवं तिथेही. लांब बघितलं की डोळे फिरतात. आवाज बिलकूल नाही. लाटेचा नाही, बैलाच्या घुंगरांचा नाही.

"उघड एखादं," उदयन उत्साहाने म्हणतो. "बघ तरी. प्रत्येक दार उघडतं."

ती उघडत नाही, म्हणून तो उघडतो. आत एक ओटा आहे. गॅसची शेगडी, शेजारी स्टीलचं पिंप, खिडकीत कोथिंबिरीची जुडी पाण्यात ठेवलेली. शलाका या ओट्याशी उभी राहून कितीदा चहा प्यायली आहे. हे नंदितावहिनींचं स्वयंपाकघर आहे.

दुसरं दार. आत लाकडी कपाट, त्यात वहिनींच्या साड्या, घडीवर घडी.

"हे तुझ्या घरातलं आहे," शलाका म्हणते. तिचा आवाज तिलाच ऐकू येत नाही.

"मग? दार उघडल्यावर आत काही लागतंच ना. रिकामं घर बघायला कोण पैसे देईल? कुठून तरी आणायलाच लागतं."

तिसरं दार तो जरा अभिमानाने उघडतो. आत टेबल, टेबलावर दिवा, आणि पूर्वा. उदयनची मुलगी, यंदा दहावीला. मान खाली घालून लिहिते आहे. दार वाजलं म्हणून ती वर बघते.

"काकू," ती म्हणते, "बाबा म्हणाले की अजून एकच वर्ष."

ती पुन्हा लिहू लागते. शलाकाला ती पाठमोरी व्हायला नको आहे. पूर्वाने उठू नये, वळू नये, एवढंच तिला हवं आहे. ती देवाचं नाव घेते. कोणत्या देवाचं ते तिलाही कळत नाही.

"उदयन, बंद करूया आपण," ती म्हणते. "पुरे झालं. दुकान बंद करू. मी सांगते सगळ्यांना."

उदयनच्या चेहऱ्यावरचा आनंद जात नाही. तो गेला असता तर तिला एवढं भ्यायला झालं नसतं.

"एवढं घातलंय आपण यात. मीसुद्धा घातलाय की जीव. आता कसं थांबायचं?" तो जवळ येतो. "थांबलो तर घातलेलं सगळं फुकट गेलं. आणि चालू ठेवलं तर काहीच फुकट जात नाही. साधा हिशेब आहे, शलाका. नंदाचे घे. नंदाचे संपले की तुझ्या आईचा सांगलीचा प्लॉट आहे. मग गिरिजाचे वडील रिटायर होतायत. माणसं खूप आहेत गं, दारंही खूप आहेत."

"आणि कुणी विकतच नाही घेतला तर गेम?"

"आपला घेतील," उदयन म्हणतो, आणि यावेळी त्याच्या आवाजात तिला जिवंत उदयन ऐकू येतो, तो वेडा, लाडका, सगळ्यांना बोलता बोलता खिशात घालणारा मित्र, आणि तिला रडू फुटतं. तिला त्याची इतकी आठवण येत होती. त्याला नाही म्हणणं तिला कधीच जमलं नव्हतं, आणि आत्ताही नाही हा शब्द तिच्या तोंडातून निघत नाही.

"हे एक उरलंय," तो म्हणतो. शेवटचं दार बंद आहे. "हे तुझं तू उघड."

"यात काय आहे?"

तो तिचं मनगट धरतो. हात थंड नाही, गरम आहे, ताप भरल्यासारखा. तो तिचा पंजा त्या चौकोनांच्या दारावर टेकवतो आणि दाबतो. दार ओलं आहे. चिकट. आतून कुणीतरी तिच्या आईच्या आवाजात विचारतं, "कोण आहे?" शलाका हात ओढते. हात सुटत नाही. ती दोन्ही पाय रोवून ओढते, ओरडते, ओरडल्याचा आवाज होत नाही, आणि दार आतल्या बाजूला उघडू लागतं.

"ताई. अहो ताई. शलाकाताई!"

एसी घुरघुरतो आहे. दारात नंदितावहिनी उभ्या आहेत, खांद्याला पर्स, कपाळावर उन्हाने आलेला घाम. काचेपलीकडे सगळे आपापल्या जागी. गिरिजा पाणी प्यायला उठली आहे, आणि ती वळते तेव्हा तिची वेणी दिसते, पाठीवर रुळणारी, जाड. शलाका त्या वेणीकडे बघतच राहते.

"हाक मारत होते मघापासून," वहिनी म्हणतात. "ओरडत होता तुम्ही. केवढा घाम आलाय."

"झोप लागली जरा. बसा ना वहिनी."

वहिनी बसतात, पर्स उघडून चेकचं पाकीट काढतात. लांबलचक बोलायचं ठरवून आल्या असाव्यात, पण नुसतंच पाकीट पुढे करतात. "घ्या. तीनचार महिने तरी निघतील ना यात?"

शलाका हात पुढे करते, आणि हात तसाच राहतो.

तिच्या उजव्या पंजावर, बोटांच्या पेरांपासून मनगटापर्यंत, चौकोन आहेत. काळे आणि पांढरे, बारीक, एकसारखे, कडा रेखून काढल्यासारख्या. ती पंजा कुर्त्याला घासते. पुन्हा घासते. सोफा साध्या रेक्झिनचा आहे, उशी साधी आहे, या खोलीत चौकोन असलेली एकही वस्तू नाही. चौकोन जात नाहीत.

"वहिनी," ती म्हणते. आत्ता बोललं नाही तर पुन्हा बोलणं होणार नाही हे तिला कळतं आहे. "ते पाकीट आत ठेवा. मी घेणार नाही. गेम होणार नाहीये."

"असं काय म्हणता? ते म्हणायचे, थोडंच राहिलंय."

"थोडं नाही राहिलेलं. दहा मिनिटं झालीत फक्त. पाच वर्षांपूर्वी केलेली तीच दहा मिनिटं. बाकी नुसते देखावे आणि अर्धवट दारं आहेत. तुमचे पैसे घातले तर तीन महिन्यांनी मी दुसऱ्या कुणाच्या तरी दारात जाईन, आणि तुमचे परत द्यायला माझ्याकडे काही नसेल. हे पूर्वाचे पैसे आहेत. आज संध्याकाळी मी सगळ्यांना गोळा करून सांगते, कंपनी बंद करतेय म्हणून. शिव्या खाईन. पण आता पुरे."

वहिनी रागावतील असं तिला वाटतं. रडतील, किंवा उदयनच्या कष्टांचं काय असं विचारतील. त्या यातलं काहीच करत नाहीत. त्या शलाकाच्या पंजाकडे बघत असतात. हे काय झालं म्हणूनही विचारत नाहीत. त्यांच्या तोंडाचा रंग उतरत जातो.

"तुमच्याकडेही आले होते?" त्या विचारतात.

शलाका मान डोलावते.

"माझ्याकडे रोज येतात," वहिनी हळू आवाजात म्हणतात, काचेपलीकडे ऐकू जाऊ नये अशा. "पाठ दाखवत नाहीत, नुसते समोर बसून असतात. हसत असतात. पैसे दे म्हणतात गेमला. काल मी हो म्हटलं, तेव्हा कुठे उठून गेले. म्हणून तर आणले." त्यांनी पाकीट दोन्ही हातांनी छातीशी धरलं आहे. "आता आज रात्री आले म्हणजे मी काय सांगू, ताई?"

शलाकाला उत्तर माहीत आहे, आणि ते द्यायची तिला भीती वाटते आहे. ती पाकीट वहिनींच्या हातातून सोडवते, पर्समध्ये ठेवते, पर्सची चेन शेवटपर्यंत ओढते.

"माझं नाव सांगा," ती म्हणते. "म्हणावं, शलाकाने बंद केलं. काय विचारायचं ते तिला जाऊन विचारा."